सर्वोत्तम ट्रेनर निवडताना अडलं कुठे?

रेसच्या घोड्यांचा सर्वोत्तम ट्रेनर निवडणाऱ्या समितीवर माझं नाव आलं तेव्हा वाटलं, आकडे मांडायचे की झालं. नामांकनं वेळेत आली, बैठकही ठरली. गाडी अडली ती फॉर्मवर.

फॉर्ममध्ये रकाने दोनच: एकूण विजय आणि बक्षिसाची रक्कम. घोडे किती वेळा पळवले, हे विचारलेलंच नाही! मोठ्या तबेल्यातून रोज घोडे उतरवणारा जिंकणारच की. पण वीसेक घोड्यांवर दर चार रेसमध्ये एक मारणारा? तो कागदावर कुठेतरी तळाशी. मी कार्यालयाकडे प्रत्येकाच्या सगळ्या रेसची यादी मागितली. उत्तर आलं, ‘सदर माहिती विहित नमुन्यात नाही.’ पुन्हा पत्र दिलं, तर यादी आली, पण विजयांचीच, नव्या तारखेचा शिक्का मारून. फोन केला तर साहेब रजेवर, आणि त्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याचकडे. शेवटी जुनी रेसकार्डं (कुठल्या रेसमध्ये कोणते घोडे, याच्या छापील याद्या) आणि निकाल घेऊन स्वतःच बसलो, एकेका घोड्यापुढे रेघा ओढत. तेव्हा एक घोडा सापडला: पायाच्या दुखापतीने हंगामभर बाहेर, मग नव्या ट्रेनरकडे गेला, हळूहळू अंतर वाढवत पळवला आणि वरच्या क्लासमध्ये, म्हणजे अधिक तगड्या घोड्यांच्या गटात, जिंकला. फॉर्मवर त्याची किंमत ‘विजय: १’.

ब्रिटनमध्ये चॅम्पियन ट्रेनर बक्षिसाच्या रकमेवर ठरतो. त्यात वाद नाही, पण श्रीमंत मालक आणि महागडी शिंगरं ज्याच्याकडे, त्याचं पारडं आधीच जड. अमेरिकेतला एक्लिप्स पुरस्कार मतांवर ठरतो. १९७३ मध्ये सेक्रेटेरिएट या घोड्याने ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथल्या तीन मानाच्या रेस, जिंकला, तरी त्याच्या ट्रेनरला नव्हे, तर त्या वर्षीचा ट्रेनरचा एक्लिप्स मिळाला अ‍ॅलन जर्कन्सना. त्यांच्या ऑनियन आणि प्रूव्ह आउट या घोड्यांनी त्याच सेक्रेटेरिएटला हरवलं होतं. नुसती रक्कम मोजली असती तर हे दिसलं असतं का?

हो, एक राहिलंच. औषधचाचणीत घोडा सापडल्याच्या आणि निलंबनाच्या नोंदी सगळ्यात आधी मागवा. आमच्याकडे त्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी आल्या आणि एक नाव रातोरात गळलं.

माझा उमेदवार दुसरा आला. रेघांची वही मात्र जपून ठेवली आहे. पुढच्या समितीने मागितली तर देईन, विहित नमुन्यात नसली तरी.