बोटीच्या पोटातलं पाणी

टेम्पोतून बोट उतरवायला आठ जण लागले आणि आठही जण टेकीला आले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पंधरा फुटी उघडी फायबरची बोट. इंजिन गावातच काढून ठेवलेलं, आत वल्हं नाही की दोर नाही. मग हे वजन आलं कुठनं?

बोट प्रयाग चिखलीची. काही वर्षांपूर्वी गावातल्या पोरांनी वर्गणी काढून मालवणकडनं जुनी आणली होती. एरवी घाटाला बांधलेली असते आणि पुरात माणसं काढायला बाहेर पडते. ती चालवणारे आबा पोरांबरोबर आले होते. "मिस्त्री, तळ जरा हलतोय. वरनं एक प्लाय मारून द्या. मृगाच्या आत पायजे बघा." एप्रिलचा तिसरा आठवडा चालू होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बावीस वर्षं मी फायबरचं काम करतोय. कूलरच्या बॉड्या, बंपर, टाक्या, देवळांचे कळस. बोटी त्या मानानं चार-पाचच केल्या. पण ही बोट माझ्यासाठी परकी नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळेतलं पोरही सांगतं. हायवे बंद, चिखली-आंबेवाडी पाण्यात, आणि माझी मावशी चिखलीत माडीवर अडकलेली. तिला याच बोटीनं बाहेर काढलं.

चप्पल काढून मी आत उतरलो. अनवाणी पायाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. मधल्या भागात टाच गादीत रुतावी तशी खाली गेली आणि परत वर आली. हातोड्याच्या दांड्यानं ठोकत मागं गेलो. कडेला टणटणीत आवाज, मधे नुसता भद्द. रंग मात्र नवाकोरा, निळाशार. म्हणालो, "आबा, वरनं प्लाय मारायची नाही. आधी उघडून बघायचं."

ग्राइंडरला पातळ चाक लावून कडेनं काप घेतला. फायबर कापताना पांढरी धूळ उडते, अंगाला खाज सुटते, ती सवयीची. इथं धूळ उडालीच नाही. चाकाखालनं तपकिरी लगदा बाहेर आला, आणि कुजक्या पाल्यासारखा वास शेडभर पसरला. पत्रा उचलला तर खाली आणखी एक तळ. आधी ज्यांनी दुरुस्ती केली होती त्यांनी कुजलेली प्लाय तशीच ठेवून वर नवी ठोकली होती आणि चारी कडा मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर, लावून बंद केल्या होत्या. पाणी मागं वाहून जायला जी भोकं असतात, तीही बुजवलेली. स्क्रूच्या भोकांतनं पाणी आत जात राहिलं, बाहेर यायला वाट नव्हती. ओल आणि थोडी हवा, लाकडाच्या बुरशीला एवढं पुरतं.

दोन्ही तळांखाली फोम होता. बोट उलटली, पाण्यानं भरली, तरी तळाला जाऊ नये म्हणून तो असतो. लिटरभर कोरडा फोम जवळजवळ किलोभर वजन तरंगत ठेवतो. मी विटेएवढा तुकडा कापला. कोरडा असता तर शंभर ग्रॅमही भरला नसता. शेजारच्या दुकानातल्या काट्यावर तो सव्वा किलो भरला. दाबला की पाणी गळायचं. फोम असा सहजासहजी पाणी पीत नाही, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसून राहिला की पितो.

त्याच्या दोन्ही अंगांना लांबीच्या दोन स्ट्रिंगर, म्हणजे फायबरनं मढवलेल्या लाकडी पट्ट्या. बोटीचा कणाच म्हणायचा. बाहेरनं फायबरची खोळ शाबूत. वरनं कापली तर आत लाकूड नव्हतंच, काळा चिखल होता. एका पोरानं खुरपं घेतलं आणि भांड्याची खरवड काढावी तसा तो काढायला लागला. मग मी मागच्या फळीकडं गेलो, जिच्यावर इंजिन टांगतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून नुसता तळहातानं दाबला. मुठीपर्यंत आत गेला. पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन, त्याचं वजन आणि वर त्याचा रेटा, एवढं सगळं फक्त बाहेरच्या फायबरच्या सालीनं धरून ठेवलं होतं.

आबा उकिडवे बसून सगळं बघत होते. उठले, त्या चिखलात हात घातला आणि मूठभर बाहेर काढून बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "गेल्या पुरात मागनं बोट बसाय लागली. धा माणसं हुती आत. म्या या पोराला लई शिव्या घातल्या, मागं वजन टाकलंस म्हणून." खुरपं चालवणारा पोरगा तोच. त्यानं मान वर केली नाही, खरवडत राहिला. मला त्या वेळी काही बोलता आलं नाही. माझी मावशी याच तळावर बसून आली होती.

संध्याकाळी काढलेलं सगळं पोत्यांत भरून गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर नेलं. २३४ किलो. नवीन सगळं मिळून ऐंशीच्या आसपास जाणार, हा माझा अंदाज. म्हणजे फरकाचं दीडशे किलो ही बोट पोटात घेऊन फिरत होती. पुराच्या वेळी ती दोन माणसांची जागा असते.

त्या दिवशीच ठरवलं, घाई करायची नाही. आतला आधार गेला की फायबरचं कवच स्वतःच्या वजनानं वाकतं, आणि वाकलेल्या आकारात नवं लाकूड बसवलं तर बोट कायमची वाकडी. म्हणून खाली वाळूची पोती आणि टायर लावले आणि आठवडाभर ती उन्हात कोरडी होऊ दिली. जुनं फायबर खरखरीत डिस्कनं घासून आतली मॅट उघडी पडेपर्यंत आणलं. गुळगुळीत पृष्ठभागावर नवं रेझिन, म्हणजे मॅट भिजवायचा चिकट राळ, नुसतं बसतं, धरत नाही. पुठ्ठ्याचे साचे कापून मरीन प्लाय बेतली. मागच्या फळीसाठी अठरा मिलीच्या दोन थरांची. प्लायची धार सगळ्यात जास्त पाणी पिते, म्हणून बसवण्याआधी सगळ्या कडांना रेझिन पाजलं. कोपऱ्यांत पुट्टीची गोलाई दिली, कारण काटकोनात मॅट वाकत नाही, खाली पोकळी राहते. मग साडेचारशे ग्रॅमच्या मॅटचे तीन थर.

मे महिन्यात अकरानंतर मगातलं रेझिन दहा मिनिटांत जेलीसारखं व्हायचं. म्हणून पहाटे सहाला सुरू करून साडेनऊला हात धुवायचे. रेझिन घट्ट करायला आधी कोबाल्ट आणि मग हार्डनर घालतात; हार्डनर मी स्वतः मोजून घालायचो. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो, ती बाटली मी पोरांच्या हाती देत नाही.

फोम महाग म्हणून एकानं थर्माकोल भरायचं सुचवलं. मी तुकड्यावर रेझिनचे चार थेंब टाकले. बघता बघता त्याला खड्डा पडला, विरघळून गेला. दोन भागांचा ओतायचा फोमच आणला. तो तळापासून वर धरला, खाली पाण्याला वाट ठेवली आणि मागं निचऱ्याचं बूच बसवलं. तळाच्या स्क्रूसाठी आधी मोठं भोक पाडून ते पुट्टीनं भरलं, मग त्यात बारीक भोक घेतलं, म्हणजे स्क्रू लाकडाला टेकतच नाही. बाहेरच्या रंगाला मात्र मी हात लावला नाही. घाटाला बांधलेली असताना पाण्याच्या पातळीवर शेवाळाची हिरवी रेघ उमटली होती, ती मला तशीच हवी होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात संगमावर बोट पाण्यात सोडली. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी इथं एकत्र येतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. पाणी अजून उन्हाळ्यातलं, संथ. इंजिन चढवलं. मी काठावर वाकून रेघ बघितली. ती पाण्याच्या वर दोन बोटं होती, सगळीकडनं सारखी.

पोरं एकेक करून चढली. तो पोरगा पुढं जाऊन बसला. आबांनी त्याला हाक मारली, "इकडं ये रं. हितं माझ्यापाशी, मागं बस."

तो मागं येऊन बसला. मी परत वाकलो. मागच्या बाजूला हिरवी रेघ पाण्याच्या वरच होती.