गॅल्व्हेस्टनचा मातकट समुद्र

अमेरिकेतला समुद्र मातकट असतो, हे सोलापुरात कुणाला पटत नाही. हुतात्मा बागेतल्या आमच्या सकाळच्या कंपूला फोटो दाखवले, तर एक जण म्हणाला, "काय बे, उजनीला जाऊन आलास आन् अमेरिका म्हणून सांगायलास!"

मुलगा ह्यूस्टनला असतो. मार्चच्या मध्यावर तिथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी, तिला स्प्रिंग ब्रेक म्हणतात. आपल्याकडं मार्च म्हणजे परीक्षा आणि डोकं तापवणारं ऊन. तिकडं मात्र सगळं गाव डिकीत छत्र्या-खुर्च्या कोंबून समुद्राकडं सुटतं. आम्हीही सुटलो. गॅल्व्हेस्टन बेट तिथून जेमतेम ८० किलोमीटर, पण गाड्यांच्या रांगेत अर्धी सकाळ गेली. पोहोचल्यावर सूनबाईंनी सगळ्यांना सनस्क्रीन थापलं. मी लावू दिलं नाही. सोलापूरचं कातडं, त्याला काय होतंय!

तर पाणी. मिसिसिपी आणि इतर नद्यांचा गाळ किनाऱ्याच्या कडेनं वाहत येतो, तळ उथळ, लाट आली की तो गाळ वर उसळतो. म्हणजे घाण नव्हे ती. पण गार! मी घोट्यापर्यंत जाऊन लगेच माघारी फिरलो, नातवंडं मात्र ओठ निळे पडेपर्यंत बाहेर यायला तयार नव्हती.

वाराही तसलाच. शेजारच्यांच्या प्लास्टिकच्या चटया उडायच्या आणि ते धावायचे. आमची मोराच्या नक्षीची जॅकार्ड चादर होती. आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिले आहेत, माल मला माहीत आहे. चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या, हलली नाही. एका बाईनं मुद्दाम येऊन विचारलं, कुठं मिळते? सोलापूरचं स्पेलिंग मी तिला अक्षर अक्षर सांगितलं.

जीवरक्षकाच्या मचाणावर पिवळ्या झेंड्याखाली जांभळा झेंडा होता. हे काय म्हणून मी विचारतोय, तोवर नात वाळूतल्या एका निळसर, काचेसारख्या फुग्याला हात लावायला निघाली. सुनेनं दंड धरून तिला मागं ओढलं. पोर्तुगीज मॅन ओ' वॉर म्हणतात त्याला. शिडासारखा वाऱ्यावर तरंगत येतो, खाली दोऱ्यांसारखे लांब तंतू, आणि किनाऱ्यावर मरून पडला तरी डंख मारतो. जांभळा झेंडा म्हणजे पाण्यात असले जीव आहेत.

खरं सांगू का, माझं मन रमलं ते किनाऱ्याच्या भिंतीवर. ८ सप्टेंबर १९०० ला इथं वादळ आलं. गावातली सगळ्यात उंच जागा समुद्रापेक्षा नऊ फूटही वर नव्हती, आणि पाणी चढलं पंधरा फुटांच्या वर. किमान ६,००० माणसं गेली. मग लोकांनी १७ फूट उंच भिंत घातली, ती आज सोळाएक किलोमीटर लांब आहे. तेवढ्यावर थांबले नाहीत. साधारण दोन हजार इमारती जॅक लावून हातानं उचलल्या आणि खाली समुद्रातून उपसलेली वाळू पाण्यासकट पाइपांनी सोडली. सेंट पॅट्रिक नावाचं ३,००० टनांचं चर्च ७०० जॅकवर पाच फूट उचललं. शेकडो माणसांनी एका इशाऱ्यावर एकदम हात फिरवायचा, नाहीतर भिंतीला तडा. हिशेबनीस माणूस मी, मनात लगेच मजुरी मांडायला लागलो.

सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आमचे लोक पाणी अडवायला खाली गेले, हे पाणी टाळायला वर आले. नातवाला हे सगळं रंगवून सांगत होतो. "आजोबा, आता आइस्क्रीम," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी फेरीबोटीनं पलीकडच्या बोलिव्हरला जाऊन आलो. गाडीसकट, चक्क फुकट! "अप्पा, अजून एक फेरी मारायची का?" मुलानं चेष्टेनं विचारलं. मी लगेच हो म्हणालो.

पुढच्या मार्चला त्यांचं फ्लोरिडाला जायचं चाललंय, तिकडची वाळू पांढरीशुभ्र असते म्हणे. माझा व्हिसा आणि गुडघे साथ देणार असतील, तर मला परत गॅल्व्हेस्टनलाच सोडा, असं कळवून ठेवलंय. ते चर्च आतून बघायचं राहिलंय.