आमची वाटचाल : नागपूरच्या उन्हात न दमणारी मशिनं

पुण्यात बारा महिने पुरणारा सीपीयू कूलर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला थंड ठेवणारा भाग, नागपुरात एप्रिलच्या मध्यावर हात टेकतो. तयार कॉम्प्युटर इथल्या उन्हाळ्यात टिकतील असे करून देण्याचा आमचा सगळा व्यवसाय या एका गोष्टीवर उभा आहे. कूलर पंख्याचा असो की पाण्याचा, तो प्रोसेसरची उष्णता उचलून खोलीतल्या हवेत सोडतो, त्यामुळे प्रोसेसर त्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत भरपूर कामावर असताना ७५ अंश दाखवणारं मशीन हवेच्या ५५ अंश वर असतं. तेच मशीन मे महिन्यात, बाहेर पारा ४५च्या पुढे गेलेला असताना, ४२ अंशांच्या खोलीत लावा. हिशेब ९७वर जातो. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांना स्वतःचा वेग उतरवतात, एएमडीच्या रायझेन ५००० मालिकेतले तर बहुतेक ९० अंशांनाच.

सुरुवात नागपूरच्या बर्डी बाजारात, नात्यातल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाली. मी आणि माझा मामेभाऊ असेंबल्ड पीसी बनवून द्यायचो. कोर टू ड्युओचा तो जमाना. पेंटियम ई२१६० हा १.८ गिगाहर्ट्झचा साधा प्रोसेसर. मदरबोर्डची बस, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचा पाया, २०० मेगाहर्ट्झवरून ३३३वर नेली की, चिप चांगली निघाली तर, तो ३ गिगाहर्ट्झला चालायचा. इंजिनिअरिंगची मुलं त्यासाठी लांबून यायची आणि तासन्‌तास बसून राहायची. २०११ला सँडी ब्रिज आला आणि बेस क्लॉक, म्हणजे हाच पाया, वाढवायला जागाच उरली नाही. ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचा, तर नावापुढे ‘के’ असलेला महाग प्रोसेसर आणि त्याला चालणारा मदरबोर्ड घ्या. मुलं पांगली. आम्ही सीसीटीव्ही, प्रिंटर, शाळांच्या कॉम्प्युटर लॅब असं मिळेल ते काम केलं.

२०२०-२१मध्ये ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ पडला, तेव्हा दिवस पालटले. सुटं कार्ड मिळेना, मिळालं तर भाव परवडेना. म्हणून लोकांनी कार्डासकट तयार ब्रँडेड डेस्कटॉप घेतले. पहिला उन्हाळा आला आणि फोन सुरू झाले, “भाऊ, गेम अर्धा तास चालते अन्‌ मग अटकून राहिली.”

ही मशिनं उघडली की बहुधा एकच चित्र दिसतं. समोरचं पॅनल बंद, मागे हवा बाहेर टाकणारा एकुलता एक ९२ मिलिमीटरचा पंखा आणि प्रोसेसरवर ६५ वॉटच्या हिशेबाने बसवलेलं अॅल्युमिनियमचं बुटकं हीटसिंक (उष्णता शोषणारा पात्यांचा ठोकळा). आता कोअर आय७-१२७०० घ्या. कागदावर ६५ वॉट, पण टर्बोत, म्हणजे वेग वाढवतो तेव्हा, तो १८० वॉटपर्यंत ओढतो. ते हीटसिंक किती वेळ पुरणार? बदलायला गेलं तर अडचणी निराळ्याच. पंख्याची पिन कंपनीची स्वतःची, एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) प्लग स्वतःचा, कूलरचे स्क्रू थेट कॅबिनेटच्या पत्र्यात गेलेले. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटभोवती (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर, १७००चं ७८. तीन मिलिमीटरसाठी चांगला कूलर बसत नाही. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून आम्ही ब्रॅकेट बनवून घेऊ लागलो, आणि खरं तर तिथूनच हे दुकान आजचं दुकान झालं.

आमचे सर्वांत जिवाभावाचे गिऱ्हाईक म्हणजे लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणारे. लग्नसराई ऐन एप्रिल-मे मधली. रात्री शूटिंग, दिवसभर एक्सपोर्ट (व्हिडिओची अंतिम फाइल काढणं), आणि खोलीला एसी नाही. त्यातल्या एकाने सरळ ओव्हरक्लॉकच मागितलं होतं. मी म्हटलं, “दादा, आधी आहे तो वेग तर मिळू द्या.” समोरचं पॅनल जाळीचं केलं, दोन १२० मिलिमीटरचे पंखे आत हवा ओढायला लावले, उंच टॉवर कूलर बसवला. रॅम ३२००ची असून २६६६वर चालत होती. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, होती, ती चालू केली. प्रोसेसरच्या ठरलेल्या वेगाला आम्ही हातही लावला नाही, तरी दुपारचं एक्सपोर्ट रात्रीच्या वेळेत होऊ लागलं. तयार मशीन घेणाऱ्या बहुतेकांना एवढंच हवं असतं, हे माझं ठाम मत आहे.

दुसरा उपाय व्होल्टेज कमी करण्याचा. चिपची चालती वीज व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर तिचा जवळपास पाचवा भाग वाचतो, म्हणजे तेवढी उष्णता मुळात तयारच होत नाही. पण २०१९च्या डिसेंबरात इंटेलच्या प्रोसेसरमधली प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षात्रुटी जाहीर झाली आणि त्यानंतर अनेक ब्रँडेड मशिनांमध्ये ही सोय बायोसमधूनच बंद झाली. अशा ठिकाणी आम्ही ग्राफिक्स कार्डाकडे वळतो. आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये व्होल्टेजची वक्ररेषा खाली आणता येते, त्याला बायोसची आडकाठी नसते.

डेझर्ट कूलरबद्दल सगळेच विचारतात. नागपूरचा मे कोरडा, त्यामुळे खोली छान थंड होते आणि मशीनलाही फायदा होतो. फक्त कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका. बोअरच्या खारट पाण्याचे बारीक थेंब आत जातात आणि हीटसिंकवर पांढरट थर धरतो. जूनमध्ये हवा दमट झाली की डेझर्ट कूलर निकामी होतो आणि आपला जीव घाबरा होतो. प्रोसेसरला मात्र दमटपणाने फरक पडत नाही, त्याला कळतं ते हवेचं तापमान.

पाण्याचे एआयओ (पंप आणि नळ्या एकत्र जोडून येणारे) कूलर दिसायला देखणे आहेत आणि मागणारे पुष्कळ आहेत. मी मात्र आमच्याकडच्या कामांना टॉवर कूलरच सुचवतो. एआयओतलं पाणी वर्षानुवर्षं नळ्यांमधून थोडं थोडं कमी होत जातं आणि पंप बंद पडला की मशीन बंद. टॉवरचा पंखा गेला तर बर्डीवर तासाभरात नवा मिळतो.

आमच्याकडे मशीनची चाचणी एसी बंद करून, दुपारीच होते. रॅमसाठी रात्रभर मेमटेस्ट, मग मशीनवर पूर्ण ताण देणारं ओसीसीटी आणि ग्राहकाचं स्वतःचं काम. हिवाळ्यात केलेल्या कामाला हवेच्या वर २० अंशांची जास्तीची सूट धरून पंख्यांचा वेग ठरवतो. ‘के’ प्रोसेसर आणि मोकळं बायोस असलं तरच प्रोसेसरचा वेग वाढवतो, आणि तोही मे महिन्यात टिकेल तेवढाच. वॉरंटी शिल्लक असेल तर सील उघडण्याआधी ती जाऊ शकते हे सांगतो आणि घरी विचारून या म्हणतो. तीनशे वॉटच्या एसएमपीएसवर मोठं कार्ड लावून मागितलं तर नाही म्हणतो. असं गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण कोणाच्या घरात ते मशीन जळू नये.

आता मामेभावाची मुलगी दुकानात बसते. प्रत्येक मशीनची मे आणि डिसेंबरची तापमानं वहीत उतरवायची पद्धत तिची. त्यामुळे प्रोसेसर आणि कूलरमधली कुठली पेस्ट उन्हाळ्यात वाळते, कुठला पंखा धुळीत टिकतो, हे आम्ही आकड्यांनिशी सांगू शकतो. जाळी धुणं, पेस्ट बदलणं ही कामं मार्चअखेर करून घ्या. एप्रिल लागला की मिक्सिंगवाल्यांची रांग असते, तेव्हा आधी फोन करून दिवस ठरवा.