पेट्रोल आहे, पण पोहोचत नाही

माझ्या १९८६ च्या दोन दारी स्पोर्ट्स कारची खोड अशी, की गार असताना ती अगदी शहाण्यासारखी वागायची. एका सेल्फमध्ये सुरू, आयडलिंग एकसारखं. वीस-पंचवीस मिनिटं पळवून तिसऱ्या गिअरमध्ये ४,००० आरपीएमच्या वर नेली, की झटके सुरू. आणखी दाबलं तर उचलायचं सोडून कोणीतरी मागून धरल्यासारखी व्हायची, आणि मग बंद. कडेला दहा मिनिटं गप्प बसायचं, पुन्हा चावी फिरवायची. बाईसाहेब जणू काही झालंच नाही अशा सुरू.

सगळे म्हणाले, पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा. मीही म्हणालो पंप, आणि गेल्या वर्षी स्वतःच्या हातानं नवा बसवला. आठवडाभर बरी चालली (मीच जपून चालवत होतो, हे नंतर लक्षात आलं), मग पुन्हा तेच. या वेळी ठरवलं, मोजल्याशिवाय एक नटसुद्धा विकत घ्यायचा नाही.

पहिली तपासणी फुकटातली. झटके सुरू होताच थांबलो आणि टाकीचं झाकण उघडलं. टाकीत हवा आत येण्याची वाट तुंबली असेल तर झाकण सैल करताच ‘फुस्स’ असा आवाज येतो. आला नाही.

मग पेट्रोलचं प्रेशर. गाडीत बॉशची एल-जेट्रॉनिक, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी सिस्टिम आहे. तिचा रेग्युलेटर इंजेक्टरच्या रेलमधला (त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा जाणाऱ्या वाटेच्या, तुलनेत २.५ बार राखतो. आयडलिंगला त्या वाटेतला हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे गेज दोनच्या आसपास दाखवतं आणि रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की २.५ वर चढतं. माझं अगदी तसंच चढलं. त्या नळीला पेट्रोलचा वासही नव्हता, म्हणजे रेग्युलेटरचा पडदा शाबूत.

इथेच बरेच जण पाने-पक्कड गोळा करून ‘फ्युएल ओके’ म्हणतात. मीही गेल्या वर्षी हेच केलं असतं, तेव्हा गेजच नव्हतं ही गोष्ट वेगळी. पण आयडलिंगला इंजिन तासाला जेमतेम लिटरभर पेट्रोल पितं. पंप ताशी शंभर लिटर ढकलतो, उरलेलं रिटर्न लाइननं टाकीत परत जातं. पूर्ण थ्रॉटलला मात्र हेच इंजिन ताशी चाळीस लिटरच्या पुढे मागतं. निम्मी तुंबलेली लाइनसुद्धा आयडलिंगच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होते.

म्हणून गेजला लांब नळी जोडली, बॉनेटखालून बाहेर काढली आणि काचेवर बाहेरच्या बाजूनं चिकटपट्टीनं बसवलं. बाहेरच, बरं का. दाबाखालचं पेट्रोल केबिनमध्ये आणायचं नसतं. धाकट्या भावाला चालवायला बसवलं आणि मी काट्यावर नजर लावली. बाविसाव्या मिनिटाला २.५ चे २.३ झाले, मग १.४, आणि मग झटका. काटा आधी पडला, झटका मागून आला. इग्निशनवरचा (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवरचा) संशय तिथेच संपला.

पंपाच्या टर्मिनलवर, पंप चालू असताना, व्होल्ट मोजले: १०.९. बॅटरीवर १२.४. दीड व्होल्ट वाटेतच गळत होते. अर्थचा बोल्ट उघडून गंज घासला, ११.९ मिळाले. मी खूश. ट्रायल घेतली तर झटके बाविसाव्याऐवजी सत्ताविसाव्या मिनिटाला आले. एवढीच काय ती प्रगती.

शेवटी डबा. हे काम उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून आणि आसपास ठिणगीचं काही नसतानाच करायचं. रिटर्न लाइन काढून लांब नळीनं धातूच्या मापाच्या डब्यात सोडली. पंपाला वीज देणाऱ्या रिलेच्या जागी फ्यूज लावलेली वायर घालून इंजिन बंद ठेवूनच पंप चालवला. बोल्टाशी झटापट करताना थोडं पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ते आधी गार लागतं, मग चरचरतं. पहिल्या तीस सेकंदांत ८६० मिलिलिटर आलं. उत्तम. पण न थांबता चालू ठेवलं, तर दुसऱ्या तीसमध्ये ७९०, तिसऱ्यात ५२०, चौथ्यात ३१०. पंपाचा गुणगुणाट हळूहळू चिरका होत गेला. पंप ढकलायला तयार होता, त्याला मागूनच मिळत नव्हतं. दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजलं: ८५०.

म्हणजे टाकी आणि पंप यांच्यामध्येच काहीतरी. टाकीची जाळी तुंबली असणार म्हणून टाकी रिकामी केली, जाळी काढली. थोडा गाळ होता, पण आरपार उजेड दिसत होता. हिरमुसून सगळं परत जोडायला घेतलं, आणि टाकीपासून पंपापर्यंतची वीतभर रबरी नळी उचलताना सहज आत बोट घातलं. आत काहीतरी लुसलुशीत हललं.

नळी ब्लेडनं उभी चिरली. बाहेरून काळी, घट्ट, एक भेग नाही. आतला थर मात्र सुटून सापाच्या कातेसारखा लोंबत होता. गार असताना तो भिंतीला चिकटून राहायचा. गरम झाला, मऊ पडला, की पंपाच्या ओढीनं आत कोसळून वाट बंद करायचा. ओढ थांबली की हळूहळू परत मागे. जुन्या रबराला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल फुगवतं, त्याचाही हात असावा. पण गेल्या वर्षी पंप बदलताना हीच नळी मी हातात घेतली होती, फडक्यानं पुसली होती आणि ‘चांगली आहे की’ म्हणून परत लावली होती.

इंजेक्शनच्या पेट्रोलसाठीची नवी नळी लावली, दोन्ही क्लिपाही नव्या. डब्यात सलग चार वेळा ८६०-८७०. रस्त्यावर चाळीस मिनिटं काटा जागचा हलला नाही, भाऊ तर उतरायलाच तयार नव्हता.

मग फळीवरचा जुना पंप काढला, नव्या नळीवर लावून पाहिला. ८४०. ‘निकामी’ असं लिहून त्याला लावलेली चिठ्ठी तेवढी काढून टाकली.