१९५ किलो आणि दाभोळची जेटी

मोठी मोटरसायकल घेतली की पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न येतात. एक, किती देते? दोन, आता लडाख कधी? पहिल्याचं उत्तर लिटरला पस्तीस. दुसऱ्याला मी नुसता हसतो, कारण मला लडाखला जायचंच नाहीये. मला गुहागरला जायचं होतं. थंडी पडली की मी गुहागरला जातो. तेच घर, तीच सुपारीची आगरं, आणि समुद्राकाठी राहून मासे न खाणं, कारण जिथे उतरतो त्या घरात ते शिजत नाहीत. एवढ्यासाठी साडेतीनशे सीसी कशाला, असं बायकोनेही विचारलं होतं. तिला मी हायवेचं कारण दिलं.

कारण खोटं नव्हतं. आधीची गाडी २००८ ची स्प्लेंडर प्लस, टाकीवर हिरोच्या शेजारी अजून होंडा लिहिलेली. ९७.२ सीसी, वजन ११० किलोच्या आसपास. या गाडीने माझं कधी काही वाईट केलेलं नाही. पण पुणे-सातारा रस्त्यावर डाव्या कडेने साठने चाललोय आणि उजवीकडून एखादी लक्झरी बस सुसाट गेली, की तिची हवा आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. गाडी वीतभर सरकते. मागे बॅग बांधलेली असली तर जास्तच. तिशीत याची मजा वाटायची. चाळिशी उलटल्यावर हँडल घट्ट धरून धरून साताऱ्यापर्यंत खांदे भरून यायला लागले.

मग २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर २८ टक्क्यांचे १८ झाले आणि त्यापुढच्यांवर थेट ४०. मनात खरं तर रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० होती. पण तिच्या ८२५ मिलिमीटर उंच सीटवर शोरूममध्ये बसलो तेव्हा माझे चवडे तेवढे टेकले, आणि अर्धं मन तिथेच उतरलं. उरलेलं काम सरकारने केलं. त्यांचीच क्लासिक ३५० घेतली, दसऱ्याला घरी आली. शेजारचे आजोबा "बुलेट घेतलीस होय!" म्हणत हार घेऊन आले. बुलेट ही त्याच कंपनीची वेगळी गाडी आहे, हे त्यांना सांगत बसलो नाही. हार चांगला होता.

कागदावर वजन १९५ किलो. स्प्लेंडरहून ८५ जास्त, म्हणजे माझ्या स्वतःच्या वजनाहूनही जास्त. माहितीपत्रकात हा आकडा सगळ्यात खाली बारीक अक्षरात असतो. तो वाचणं वेगळं आणि सोसायटीच्या पार्किंगमधून, दोन स्कूटरच्या मधून, गाडी उलटी ओढणं वेगळं. चालू गाडीवर वजन जाणवत नाही, असं सगळे सांगतात. ते खरंही आहे. पण गाडी काही कायम चालू नसते.

पहिलं सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला असतं. ते होईपर्यंत शहरातच फिरवली आणि मग एका पहाटे निघालो. स्प्लेंडरचे चारही गियर पुढे दाबत जायचे असतात. हिचा पहिला पुढे, आणि बाकीचे चार टाचेने मागे. डाव्या पायाला इतक्या वर्षांची सवय. गाडी वेगात आली की तो आपसूक पुढे दाबायला निघतो. वरचा गियर हवा असताना खालचा पडला की इंजिन जे ओरडतं, त्याने शेजारचा ट्रकवालासुद्धा वळून बघतो. शिरवळच्या आसपास पाय सुधारला असावा, कारण खंबाटकी चढून आलो तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या घाटात गियरचा विचारच केला नाही. बसची हवा मात्र आता नुसती येऊन जाते. ऐंशीने चाललेली ही गाडी बसला काही भीक घालत नाही. या एका गोष्टीसाठी दिलेले पैसे मला जड गेलेले नाहीत.

साताऱ्याच्या अलीकडे समोरून येणाऱ्या एकाने डावा हात उचलला. मागे कोणी त्याच्या ओळखीचं आहे का म्हणून मी आरशात बघितलं. मग दुसऱ्याने उचलला, तेव्हा उजेड पडला. मोठ्या गाडीवाले एकमेकांना रामराम करतात. याच रस्त्यावरून इतकी वर्षं गेलो, ऊन-पाऊस तोच, पंक्चर तीच, पण स्प्लेंडरवर असताना एकानेही बोट हलवलं नव्हतं. नाश्त्याला थांबलो तिथे गुडघ्यापर्यंत चिलखत घातलेला एक जथा होता. त्यातल्या एकाने माझ्या गाडीला प्रदक्षिणा घातली आणि आजारी माणसाची चौकशी करावी तशा सुरात विचारलं, "सायलेन्सर कंपनीचाच ठेवलाय?" हो, कंपनीचाच. कोणाच्या दारावरून पहाटे जाताना त्याच्या घरातलं पोर जागं करायची मला हौस नाही. मिसळ पाणचट होती, आणि चूक माझीच. जिथे इतकी हेल्मेटं टेबलावर असतात तिथे मिसळ चांगली नसते हे मला माहीत असायला हवं होतं.

उंब्रजला हायवे सोडला. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाट उतरायला लागला की गाडीचं वजन पुन्हा हजर होतं, या वेळी मागून पुढे ढकलणारं. स्प्लेंडर मी आयुष्यभर मागच्या ब्रेकवर चालवली. हिला पुढचा ब्रेक लागतो, आणि त्याहून जास्त इंजिन लागतं. तिसऱ्यात टाकून नुसती सोडली तर ती स्वतःच स्वतःला धरून ठेवते. पोफळी, चिपळूण, गुहागर.

गुहागरला मी उतरतो ते काकूंचं घर खालचा पाट या भागात आहे. रस्त्यापासून खाली जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, दोन्ही अंगांना दगडांचा गडगा, टोकाला बेडं, म्हणजे अरुंद फाटक. स्प्लेंडर मी पाय टेकत टेकत त्यातून थेट खळ्यापर्यंत न्यायचो आणि पडवीला टेकवून ठेवायचो. काकू तिच्या आरशाला वाळत घातलेली पिशवी अडकवायच्या, मांजर सीटवर झोपायचं. ही गाडी लेग गार्डसकट बेड्यातून जाईना. काकू पदराला हात पुसत वर आल्या, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ही कसली रे म्हैस आणलीस?"

"मोठी गाडी घेतली, काकू."

"ती दिसतेय. आत कशी येणार ती?"

नाहीच आली. वर रस्त्यावर, शेजाऱ्यांच्या कुंपणाला लावून ठेवली. "राहू दे तिथेच, इथे कोण नेतंय," काकू म्हणाल्या, आणि ते शंभर टक्के खरं आहे. तरी कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी पोटभर खाऊन मी रात्री बॅटरी घेऊन दोनदा वर जाऊन आलो. स्प्लेंडरसाठी मी अंथरुणातून कधी उठलो नव्हतो. सकाळी वाडीतली तीन पोरं गाडीवर बसून एकमेकांचे फोटो काढत होती. मला बघून उतरली. बसा रे म्हटलं, तर बसली नाहीत. एकाने विचारलं, "काका, कितीला पडली?" स्प्लेंडरवर असताना हीच वाडी मला कुठून आलात, जेवलात का, असं विचारायची.

गुहागरचे बाकीचे दिवस समुद्रावर लोळण्यात गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते धोपाव्याच्या जेटीबद्दल.

परतताना दापोलीकडून जावं असं ठरवलं. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या बाजूने धोपाव्याला गेलो. ती कंपनी २००१ मध्येच दिवाळखोरीत निघाली, प्रकल्पाचं नावही कधीच बदललं, पण रस्ता विचाराल तर लोक अजून एन्रॉनचाच सांगतात. धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी घालायची, वाशिष्ठीची खाडी ओलांडायची, पलीकडे दाभोळ. चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. स्प्लेंडर घेऊन हे मी अनेकदा केलंय, डोळे मिटून केलंय म्हटलं तरी चालेल.

त्या दिवशी ओहोटी होती. ओहोटीला जेटीचा काँक्रीटचा उतार लांबच लांब उघडा पडतो, आणि खालचा तुकडा, जो एरवी पाण्याखाली असतो, त्यावर हिरवं शेवाळ. त्या उताराच्या टोकाला बोट तोंड लावून उभी, तिची लोखंडी फळी काँक्रीटवर टेकवलेली. मी वरून बघत होतो आणि १९५ हा आकडा पहिल्यांदा पाठीच्या कण्यात कळला. उतरताना फार काही झालं नाही, पहिल्या गियरमध्ये, श्वास रोखून. आत गेल्यावर एका जीपच्या आणि कठड्याच्या मधल्या फटीत गाडी लावायला सांगितली. साइड स्टँडवर जागा पुरेना. मेन स्टँडवर चढवायची म्हणून मी कॅरियरला धरून उचलायला लागलो. हलली नाही. पुन्हा जोर केला. जीपमधल्या बाई काच खाली करून बघायला लागल्या.

बोटीवरचा माणूस आला. पन्नाशीचा, काटकुळा, माझ्याही खांद्याला लागेल इतका, पायात रबरी चप्पल. स्प्लेंडरवाल्याला हीच माणसं "ए भाऊ, पुढे घे पुढे" म्हणतात. मला म्हणाला, "साहेब, उचलू नका. कंबर जाईल."

मग त्याने जे दाखवलं ते शोरूममध्ये मला कोणी दाखवलं नव्हतं. डावा हात हँडलवर, गाडी आधी सरळ उभी. उजव्या पायाने स्टँड खाली दाबायचं, हळू, आणि गाडी जराशी इकडेतिकडे झुलवायची, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याचं कळेपर्यंत. एक पाय लागतो तेव्हा पोकळ वाजतं. दोन्ही लागले की हाताला कळतं, गाडी डोलायची थांबते. उजवा हात मागच्या कडीवर, पण ओढायला नाही, नुसता वाट दाखवायला. "आता चढा," तो म्हणाला आणि त्या स्टँडच्या दांडीवर जिना चढावा तसा उभा राहिला. त्याचं वजन असेल पन्नास-बावन्न किलो. १९५ किलो आपणहून मागे सरकले आणि वर बसले. त्याने गाडी पुन्हा खाली उतरवली. "तुम्ही करा." केली. झाली. जीपमधल्या बाईंनी काच वर केली.

पलीकडे पोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. एरवी मी कठड्याला टेकून खाडीचं तोंड बघतो. या वेळी दाभोळचा उतार बघत होतो, कारण आता तो चढायचा होता, आणि बोटीची फळी आणि काँक्रीट यांच्यामध्ये चार बोटांची पायरी दिसत होती. त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "पहिला टाका, अर्धा क्लच, आणि मधे थांबू नका. थांबलात तर मग मजा आहे."

पुढे एक स्कूटर होती. नवरा, बायको, मधे पोरगं, पायाशी नारळांचं पोतं. फळी पडली, ती निघाली, मी तिच्या मागे. पुढचं चाक पायरी चढलं, मागचं चढलं, आणि शेवाळाचा पट्टा संपायच्या आत स्कूटर थांबली. पोतं घसरलं होतं. नवरा उतरून पोतं सारखं करायला लागला. मी मधे. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, चार बोटं पुढच्या ब्रेकवर, आणि अख्ख्या गाडीला आधार म्हणून डावा पाय, हिरव्या ओल्या काँक्रीटवर. बूट अर्धा इंच घसरला आणि थांबला. नंतर अजून अर्धा इंच. मागे जीप. स्प्लेंडर असती तर उतरून, बगलेत मारून वर नेली असती. इथे उतरणं म्हणजे सोडून देणं.

तेवढ्यात मागून कॅरियरवर एक हात पडला. वळून बघायची सोय नव्हती, पण तो कोणाचा ते कळलं. "पाय हलवू नका. रेस देऊ नका. नुसता क्लच सोडा, हळू." मी क्लच सोडला. आणि या गाडीने काय केलं? अॅक्सिलरेटरला हात न लावता, बोटीच्या इंजिनासारखं डुगडुगत, ती निघाली. स्प्लेंडर त्या चढावर किंचाळली असती, क्लचचा वास आला असता. कागदावर याला टॉर्क म्हणतात, २७ न्यूटन मीटर, ४००० आरपीएमला. माहितीपत्रकातला हा दुसरा आकडा, वजनाच्या आकड्याचं कर्ज फेडणारा. स्कूटरच्या उजवीकडून वर गेलो आणि कोरड्या रस्त्यावर जाऊन थांबलो. पाय थरथरत होते, ते चहाच्या टपरीपर्यंत.

तो माणूस मागून चालत आला, चपलेचं शेवाळ रस्त्याला घासत. मी आभाराचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्याने टाकीवर थाप मारून विचारलं, "किती देते?"

"पस्तीस."

"मग आपली स्प्लेंडरच बरी," म्हणाला आणि पुढच्या फेरीच्या गाड्या आत घ्यायला निघून गेला.

दापोलीत राहिलो, दुसऱ्या दिवशी खेड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, वाई, घरी. महाबळेश्वरात गर्दी एवढी की स्ट्रॉबेरीसुद्धा विकत घ्यावीशी वाटली नाही.

स्प्लेंडर विकायचं ठरलं होतं. एक जण येऊन बघूनही गेला, भावात थोडं अडलं आणि मी ते अडूच दिलं. तूर्तास ती भाजी, दळण आणि काकूंची पडवी यांच्यासाठी आहे.

आणि कोणी मोठी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर टेस्ट राइड राहू द्या, ती सगळ्यांनाच आवडते. शोरूममध्ये गाडी मेन स्टँडवर चढवून बघा, उतरवून बघा, मग जरा चढावर उलटी ओढून बघा. सेल्समन "मी लावतो सर" म्हणत धावत येईल. त्याला कोटेशन काढायला आत पाठवा.