दोन लीड, एकच टॅग

ऐरोलीत नाइट शिफ्टला आमचं काम म्हणजे अमेरिकेतल्या घरांच्या हीट पंपच्या चौकशा, म्हणजे लीड, कुठल्या कामाच्या आहेत आणि माणूस पैसे कसे भरणार ते बघून तिकडच्या सेल्सवाल्यांकडे सोडायच्या. आईला वाटतं मी पाण्याचे पंप विकतो 😀 अगं आपला एसीच तो, फक्त थंडीत उलटा चालतो, बाहेरची उष्णता आत आणतो.

आज बोस्टनकडच्या दोन लीड लागोपाठ आल्या. एकाची गॅस फर्नेस (घर गरम करणारी गॅसची भट्टी) बंद पडलेली, घरात डक्ट (खोल्यांत हवा नेणारे पाइप) आहेत, म्हणजे सेंट्रल युनिट बदलायचं काम, आणि बाहेर कडाक्याची थंडी, त्याला पटकन मंजूर होणारं कर्ज दाखवा, बाकी कागदपत्रं नंतर. दुसऱ्या बाईंकडे ऑइल बॉयलर आणि रेडिएटर, डक्टच नाहीत, म्हणजे खोल्याखोल्यांत डक्टलेस स्प्लिट, त्यात घरातलं विजेचं पॅनल १०० अँपिअरचं, ते पुरेल का हे इलेक्ट्रिशियनने आधी बघायला हवं. पण बॉयलर चालू आहे ना, मग रिबेटची (पंपासाठी मिळणाऱ्या अनुदानाची) मंजुरी येईपर्यंत थांबता येतं. आमची नवीन पोरं दोघांनाही एकच टॅग लावून मोकळी!

आणि फोनवर बोलायच्या स्क्रिप्टमध्ये अजून ती ३०% टॅक्स क्रेडिटची, म्हणजे खर्चाच्या ३०% करात सूट, जास्तीत जास्त २००० डॉलरवाली ओळ आहेच. अमेरिकेच्या केंद्र सरकारची ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या पंपांना मिळतच नाही. टीम लीडरला परत मेल टाकलाय. कोणी ते २००० धरून कर्जाचा हप्ता ठरवला तर शिव्या फोनवरच्या माणसालाच पडणार, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला नाही.