आमची वाटचाल : टॅबवाले आले आणि आम्ही टिकलो

सांगलीत विश्रामबागला सहावी ते आठवीच्या गणिताचे आमचे क्लासेस. बॅचेस भरायच्या, निकाल लागायचे. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा पेन टॅब्लेट (कॉम्प्युटरवर पेननं लिहायची पाटी) घेतला, आलेख-आकृत्या काढायचं जिओजेब्रा हे ॲप शिकलो आणि गूगल मीटवर बॅचेस सुरू ठेवल्या.

खरा दणका पुढच्या वर्षी बसला. एका बड्या कंपनीची माणसं घरोघर फिरू लागली. पोराला समोर बसवून दोन अवघड गणितं घालायची, त्याला आली नाहीत की आईबापांच्या पोटात गोळा आणायचा आणि हप्त्यांवर धड्यांच्या व्हिडिओंचा टॅब गळ्यात मारायचा. सातवीची अर्धी बॅच गेली. जागेचं भाडं थकलं. पहिले बाक पदरमोड करून आणणारे आमचे भागीदार सरही म्हणाले, "आता आवरतं घेऊ या."

तेव्हा एका काकूंनी दोन्ही मुलींची वर्षाची फी आगाऊ भरली. त्या चकलीची भाजणी विकतात. थोरलीला मी विचारलं, "तांदूळ चार वाट्या, हरभराडाळ दोन, उडीदडाळ एक. तांदूळ सहा घेतले तर?" ती म्हणाली, "डाळ चार, उडीद तीन." स्क्रीनच्या मागून काकू ओरडल्या, "अगं, त्याच्या चकल्या होतील का!"

तांदूळ दोननं वाढले म्हणून तिनं डाळीही दोननं वाढवल्या. या वयाची बरीच पोरं गुणण्याऐवजी अशीच मिळवतात. त्यावर कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' (PhET) या संकेतस्थळावरचं गुणोत्तर-प्रमाणाचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर स्वतः हलवून बघायचा खेळ, नामी आहे, आणि फुकट. पडद्यावर दोन हात दिसतात. १:२ ठेवलं की एक हात दुसऱ्याच्या दुप्पट उंचीवर असेल तरच पडदा हिरवा. दोन्ही सारखेच वर सरकवले की रंग उडतो. थोरलीचा तीनदा उडाला. मग तिनं एक हात हळू, दुसरा भराभर न्यायला सुरुवात केली आणि आपणहून म्हणाली, "सर, डाळ तीन, उडीद दीड." टॅबमध्ये छान छान व्हिडिओ होते, पण गणित सोडवायचा तो व्हिडिओतला माणूस. पोरं नुसती बघत बसायची.

काकूंनी भाजणीच्या गिऱ्हाइकांना सांगून आणखी पोरं पाठवली, भाडं फिटलं. भागीदार सर आता सहावीची बॅच घेतात.

जाता जाता पालकांना सांगतो, विचारलं नसलं तरी. तिरकस गुणाकार घाईनं शिकवू नका. आधी एकमान पद्धत (म्हणजे आधी एकाचं काढायचं, मग हवं तेवढ्यांचं) पक्की होऊ द्या, नाहीतर सातवीत व्यस्तप्रमाण आलं की मजूर वाढवल्यावर पोरं दिवसही वाढवून ठेवतात. जिओजेब्रात स्लायडर सरकवून दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवा : समप्रमाणाची रेषा आरंभबिंदूतून जाते, व्यस्तप्रमाणाचा वक्र अक्षांना कधीच टेकत नाही. मोबाइल चालतो, टॅब लागत नाही.

गेलेल्यांपैकी बरेच परत आले. त्यांच्या टॅबचे हप्ते मात्र नंतरही चालूच होते. आठवीची बॅच संध्याकाळी सातला असते. सम-व्यस्त प्रमाणाचा 'चलन' हा धडा आम्ही दिवाळीआधी संपवतो.